टँकर एकदाच मोजला जावा म्हणून: जँगोमध्ये एंडपॉइंट बांधताना

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या जरा पुढे. खाडीपलीकडच्या नवी मुंबईकरांकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. आमच्याकडे टँकर आहे. मार्चपासून दिवसाला दोन, मे महिन्यात तीन-चार. गेटवर एक वही असते, तिच्यात तारीख, वेळ, गाडीचा नंबर, लिटर आणि सही. फेब्रुवारीत टँकरवाल्याचं बिल आलं ४३ फेऱ्यांचं आणि वहीत निघाल्या ३८. मग क्लबहाऊसमध्ये बैठक बसली, आवाज चढले, आणि कुणाला तरी आठवलं की मी महापेला सॉफ्टवेअरमध्ये आहे. "अगं, तू कर की काहीतरी."

केलं. मोबाइलमधलं ॲप माझ्या मावसभावाने केलं, तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्व्हरची बाजू माझी, ती जँगोमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाठीच्या तयार सांगाड्यात (फ्रेमवर्क). एंडपॉइंट म्हणजे काय (ॲप ज्यावर सर्व्हरला काही विचारतं किंवा सांगतं तो पत्ता), तो कसा बांधायचा, हे मी त्याला ठाणे ते घणसोली लोकलमध्ये उभ्या उभ्या समजावलं. खालचं सगळं तेच आहे, फक्त जरा नीट लावून. कोड मुद्दाम दिलेला नाही. गाडीत लॅपटॉप उघडायला जागा नव्हती म्हणून तोंडी सांगावं लागलं, आणि पोराला चिकटवलेल्या कोडपेक्षा ते जास्त कळलं.

आधी कागद

फ्रेमवर्कला हात लावण्याआधी एक पान घ्या आणि बाहेरून काय काय विचारलं जाणार आहे ते लिहा. आमच्या पानावर चार ओळी होत्या: नवा टँकर आला, महिन्याची यादी दाखव, एका नोंदीत दुरुस्ती कर, महिन्याचा हिशोब दे. प्रत्येक ओळीसमोर एक पत्ता आणि एक एचटीटीपी पद्धत (पोस्ट, गेट, पुट, पॅच, डिलीट यांपैकी एक). पत्त्यात नाम असावं, कारण क्रियापद पद्धतीतच असतं. म्हणजे 'टँकर-जोडा' आणि 'टँकर-यादी' असे दोन पत्ते करायचे नाहीत. '/एपीआय/टँकर/' हा एकच पत्ता, त्यावर पोस्ट केलं की नवी नोंद, गेट केलं की यादी. रॉय फील्डिंगने २००० साली आपल्या पीएचडीच्या प्रबंधात ज्याला रेस्ट असं नाव दिलं, त्यातलं रोजच्या कामाला लागणारं एवढंच. बाकीचे वाद लोक अजून घालतायत, घालू देत.

गेट पद्धतीने काही बदलता कामा नये, हे मात्र पाळाच. आधीच्या एका नोकरीत कुणीतरी नोंद पुसण्याची सोय साध्या लिंकवर ठेवली होती. कंपनीच्या आतल्या सर्चचा बॉट रात्री सगळ्या लिंका उघडत सुटला. सकाळी आम्ही बॅकअप शोधत बसलो होतो.

डिलीट आम्ही ठेवलंच नाही. वहीचं पान फाडत नाहीत, चुकीची ओळ खोडून शेजारी सही करतात. म्हणून नोंदीला 'रद्द' असा एक रकाना आहे आणि तो पॅच पद्धतीने (थोडा बदल) बदलतो, तोही फक्त सेक्रेटरी काकांच्या लॉगिनमधून.

जँगो का, आणि किती

ऑफिसात माझी भाकरी स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर आहे. घरच्या कामाला जँगो घेतलं ते त्याच्या ॲडमिनसाठी, म्हणजे माहिती भरायच्या तयार पडद्यांसाठी. २००५ मध्ये जँगो लोकांसमोर आलं, त्याआधी ते अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं होतं. बातमीदारांना रोज माहिती भरायला पडदे लागायचे, त्यामुळे ते आयते मिळतात. काकांना वेगळं काही बनवून द्यावं लागलं नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पिपने जँगो आणि त्यावर एंडपॉइंट बांधायला मदत करणारं जँगो रेस्ट फ्रेमवर्क बसवा, प्रोजेक्ट सुरू करा, त्यात एक जँगोचं ॲप (फोनमधलं नव्हे, प्रोजेक्टचा एक भाग) काढा, रेस्ट फ्रेमवर्क आणि हे ॲप ही दोन्ही नावं सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत घाला. यात काही गंमत नाही, पुढे जाऊ.

मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसातल्या तक्त्याच्या आराखड्यात, सोसायटी, गाडीचा नंबर, लिटर, कोणी नोंदवलं, रद्द आहे का, आणि दोन वेळा. दोन म्हणजे दोनच: टँकर कधी आला ही वेळ फोन सांगतो, नोंद कधी पोचली ही वेळ सर्व्हर स्वतः लावतो. नेटवर्क नसताना घेतलेली नोंद दोन तासांनी पोचू शकते, तेव्हा या दोन वेगळ्या असल्याचं मोल कळतं.

वेळेवरून आठवलं. नव्या प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) असतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आमचा पहिला टँकर पहाटे पावणेपाचला येतो, म्हणजे तारखेने गाळायला गेलात की तो आदल्या दिवसात जाऊन बसतो, आणि एक तारखेचा टँकर थेट मागच्या महिन्याच्या बिलात. सेटिंग्जमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहा, पण यूज-टीझेड (टाइमझोन वापरायचं सेटिंग) चालूच राहू द्या. डेटाबेसात वेळ यूटीसीतच राहते, तारीख काढताना जँगो आपल्या वेळेत बदलून घेतं. फोनकडूनही वेळ '+०५:३०' या शेपटीसकट मागा.

सिरियलायझर, म्हणजे गेटवरची तपासणी

बाहेरून आलेलं जेसॉन (माहिती पाठवायचा मजकुरी साचा) तपासून पायथनच्या वस्तूत बदलायचं आणि परत जाताना उलटं करायचं, हे सिरियलायझरचं काम. मॉडेलवरून तो जवळजवळ आपोआप बनतो. त्यात 'सगळे रकाने' असा शॉर्टकट आहे, तो घेऊ नका. आज मॉडेलमध्ये टँकरचा दर जोडलात की उद्या तो न विचारता वॉचमनच्या फोनवर दिसायला लागेल. रकान्यांची नावं एकेक करून लिहा. सोसायटी, कोणी नोंदवलं आणि सर्व्हरची वेळ हे तीन फक्त वाचण्यापुरते ठेवा, त्यांच्या किमती लॉगिनवरून आपण भरायच्या. फोनने सांगितलेल्या सोसायटीवर विश्वास ठेवलात तर शेजारच्या टॉवरचे टँकर तुमच्या बिलात यायला वेळ लागणार नाही.

लिटरला वरची मर्यादा घाला. १०,००० लिहिताना एक शून्य जास्त पडतंच पडतं. टँकर येण्याची वेळ भविष्यातली नको, पण पाचेक मिनिटांची सूट द्या, कारण फोनची घड्याळं पुढे असतात.

गाडीच्या नंबरावर मी एक रविवार घालवला. ठाण्याच्या गाड्या एमएच ०४, नवी मुंबईच्या एमएच ४३. कुणी मध्ये रेघ घालतं, कुणी जागा सोडतं, कुणी लहान लिपीत लिहितं. तेवढं काढून टाकणं सोपं होतं. पण आमच्या रात्रपाळीच्या वॉचमन मामांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे आणि ते '०४' देवनागरीत लिहितात. पायथनला देवनागरी आकडे आकडेच वाटतात. लिटरच्या रकान्यात त्यांनी १०००० मराठीत लिहिलं तरी इंटिजर फील्ड ते बिनबोभाट दहा हजार म्हणून घेतं, आणि ते छानच आहे. गाडीचा नंबर मात्र मजकूर आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा साचा तपासायच्या नियमातला) 'आकडा' या चिन्हाचा नियम देवनागरी आकड्यालाही पास करतो, म्हणून तपासणीत काही सापडलं नाही आणि एकच गाडी दोन वेगळ्या लिप्यांमध्ये दोन गाड्या म्हणून साठत राहिली. उपाय असा: नंबर तपासण्याच्या फंक्शनमध्ये एकेक अक्षर घ्या, ते आकडा असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूलच्या डिजिट फंक्शनने त्याची किंमत काढा आणि इंग्रजी आकडा ठेवा. इंग्रजीतल्या कुठल्याही धड्यात हे मला सापडलं नव्हतं. तिकडच्या लोकांवर ही वेळच येत नसणार.

व्ह्यू, आणि फ्रेमवर्कचे उदार स्वभाव

विनंती घेऊन उत्तर देणारा भाग म्हणजे व्ह्यू. मॉडेल-व्ह्यूसेट घेतला की यादी, एक नोंद, नवी नोंद, पूर्ण बदल, थोडा बदल आणि पुसणं, अशा सहा क्रिया एका फटक्यात मिळतात. आपल्याला सहा नको आहेत. जेनेरिक व्ह्यूसेट घ्या आणि हव्या त्याच क्रियांचे मिक्सिन (जोडता येणारे तयार तुकडे) जोडा. बदलाचा मिक्सिन पुट आणि पॅच दोन्ही आणतो, म्हणून मान्य पद्धतींची यादी व्ह्यूवर लिहून पुट वगळा. कुणी वगळलेली पद्धत वापरली तर फ्रेमवर्क स्वतःच ४०५ (ही पद्धत चालत नाही) हा उत्तराचा कोड देतं. शेवटी राउटरमध्ये व्ह्यूसेट नोंदवा, पत्ते तो तयार करतो.

आता हे तीन मुद्दे वहीत लिहून ठेवा. माझ्या मावसभावाचे यातच चार दिवस गेले.

पहिला. रेस्ट फ्रेमवर्कमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर परवानगीचा नियम 'कुणीही यावं' असा असतो. एंडपॉइंट लॅपटॉपवर झकास चालतो, आणि सर्व्हरवर चढवल्यावर अख्ख्या जगासाठीही झकास चालतो. सेटिंग्जमध्ये मूळ नियमच 'लॉगिन असलेलाच' असा करा, आणि एखादा पत्ता खुला ठेवायचा असेल तर तेवढ्याच व्ह्यूवर तसं लिहा.

दुसरा. टोकन (लॉगिनची किल्ली) नसताना ४०१ (आधी ओळख दे) यायला हवं, पण ४०३ (परवानगी नाही) येत होतं. कारण ओळख पटवण्याच्या पद्धतींमध्ये सेशन (ब्राउझरचं लॉगिन) पहिली होती, आणि उत्तर कोणतं द्यायचं हे पहिल्या पद्धतीवर ठरतं. टोकन पद्धत वर नेली की ४०१ यायला लागतं. आणि या टोकन पद्धतीत हेडरमध्ये किल्लीआधी 'टोकन' हा शब्द लागतो. सवयीने 'बेअरर' लिहिलंत तर खरी किल्ली असूनही दार उघडत नाही.

तिसरा, आणि सगळ्यात लबाड: पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ. ॲपमध्ये पोराने ती गाळली होती. लॅपटॉपवर, डीबग (चुका सविस्तर दाखवणारी सोय) चालू असताना, जँगो स्वच्छ शब्दांत ओरडतं की पोस्ट करताय आणि रेघ नाही. सर्व्हरवर डीबग बंद. तिथे जँगो ३०१ (पत्ता बदललाय) देऊन रेघेच्या पत्त्यावर पाठवतं, आणि बरेच क्लायंट त्या वळणावर पोस्टचं गेट करतात. आमच्या ॲपचं तेच झालं. गेट म्हणजे यादी, यादी म्हणजे २०० (ठीक), आणि २०० म्हणजे ॲपच्या मते 'नोंद झाली'. दिवसभर हिरवी खूण दिसत होती आणि डेटाबेस कोरा होता. रेघ लावा, आणि ॲपला सांगा की नवी नोंद फक्त नोंदीच्या मजकुरासह आलेल्या उत्तरालाच म्हणायचं.

दुसऱ्याची नोंद मागितली तर काय? क्वेरीसेटच (डेटाबेसातून आणायच्या नोंदींचा संच) लॉगिन केलेल्याच्या सोसायटीपुरता गाळून घ्या. मग परक्या नोंदीसाठी आपोआप ४०४ (सापडलं नाही) जातं. ४०३ दिलं तर ती नोंद आहे हे आपणच सांगून बसतो.

तोच टँकर तीनदा

आमची टाकी पोडियमखाली आहे. टँकर तिथे जाऊन उभा राहतो आणि तिथे नेटवर्कची एकच काडी असते, तीही कधीकधी. मामा बटण दाबायचे, विनंती सर्व्हरला पोचायची, नोंद व्हायची, आणि उत्तर परत येताना वाटेत तुटायचं. ॲप म्हणायचं 'नोंद झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा'. मामा सांगितल्या शब्दाचे, ते पुन्हा प्रयत्न करायचे. एप्रिलअखेरीला बिल ६८ फेऱ्यांचं, जुन्या सवयीने चालू ठेवलेल्या वहीत ६६, आणि माझ्या ॲपमध्ये ७९. टँकरवाला म्हणाला, मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरप्रमाणेच पैसे द्या.

बटण दाबल्यावर ते बंद करून बघितलं. त्याने अधीर बोटं थांबतात, तुटलेलं उत्तर नाही. मग सर्व्हरवर नियम घातला की तीच गाडी अर्ध्या तासात पुन्हा आली तर नोंद घ्यायची नाही. तोही तोंडावर पडला. एका रात्री घोडबंदर रोड चक्क रिकामा होता आणि तीच गाडी पंचवीस मिनिटांत दुसरी फेरी घेऊन हजर. खरी फेरी आम्ही नाकारली. अंदाजाने दुहेरी नोंद ओळखायला गेलं की असंच होणार. दोन विनंत्या एकाच घटनेच्या आहेत की दोन घटनांच्या, हे फक्त पाठवणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून ते त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं.

एचटीटीपीच्या नियमांत पुट आणि डिलीट कितीदाही केलं तरी परिणाम एकदा केल्यासारखाच असायला हवा. पोस्टला असं वचन नाही, ते आपण बांधून द्यायचं. फोनने प्रत्येक नोंदीबरोबर एक यूयूआयडी, म्हणजे सहसा पुन्हा न पडणारा लांबलचक नंबर, पाठवायचा, त्याला आम्ही पावती नंबर म्हणतो. तो तयार कधी करायचा हे फार महत्त्वाचं आहे: फॉर्म उघडताना. बटण दाबताना केलात तर प्रत्येक दाबण्याला नवा नंबर मिळेल आणि सगळी खटपट वाया. फॉर्म उघडला, नंबर पडला, तो नोंदीसकट फोनमध्ये साठवला, आणि सर्व्हरकडून होकार येईपर्यंत तीच नोंद त्याच नंबराने पाठवत राहायची.

सर्व्हरवर मॉडेलमध्ये पावती नंबराचा यूयूआयडी रकाना घाला, आणि सोसायटी व पावती नंबर या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (ती जोडी दुसऱ्यांदा साठवू न देणारी अट) लावा. एकट्या नंबरावर लावलात तर एका सोसायटीच्या नंबरामुळे दुसरीची नोंद अडू शकते. आधी डेटाबेसात शोधायचं आणि नसेल तर साठवायचं, असं व्ह्यूमध्ये हाताने लिहू नका. सर्व्हरवर एकाच वेळी दोन वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) चालू असतात. दोघेही शोधतात, दोघांनाही सापडत नाही, दोघेही साठवतात. राखण डेटाबेसनेच करायची. जँगोचं गेट-ऑर-क्रिएट वापरा: शोधायला सोसायटी आणि पावती नंबर, बाकीचे रकाने डिफॉल्ट्समध्ये. मधल्या क्षणात दुसऱ्याने साठवलं तर कन्स्ट्रेंट तक्रार करतो, आणि हे फंक्शन ती झेलून झालेली नोंद आणून देतं. उत्तरात नोंद मिळते आणि ती नवी होती की जुनी हेही. नवी असेल तर २०१ (नवीन तयार झालं), जुनी असेल तर २००, मजकूर दोन्हीकडे तोच. मामांच्या फोनला दोन्ही वेळा हिरवी खूण.

इथे एक खड्डा आहे. रकाना युनिक असला की मॉडेल-सिरियलायझर स्वतःहून युनिकपणाची तपासणी लावतो. मग दुसऱ्या विनंतीवर तुमचा क्रिएट चालायच्या आतच ४०० (विनंतीच चुकीची) जातं, 'अशी नोंद आधीच आहे' म्हणून. ॲपला वाटतं माहितीच चुकली. त्या रकान्याच्या व्हॅलिडेटरची यादी रिकामी करा, आणि जोडीच्या अटीसाठी सिरियलायझरच्या मेटामधलीही.

पावती नंबर तोच पण लिटर किंवा गाडी वेगळी आली तर ती पुनरावृत्ती नाही, ॲपमधला घोळ आहे. अशा वेळी मी ४०९ (आधीच्या नोंदीशी मेळ नाही) देते आणि लॉगमध्ये मोठ्या अक्षरात लिहिते. ॲपबरोबर करारही असाच: उत्तर आलंच नाही किंवा पाचशेच्या घरातलं आलं तर थोड्या वेळाने पुन्हा पाठव, चारशेच्या घरातलं आलं तर थांब आणि माणसाला दाखव.

यादी आणि हिशोब

यादीला पाने पाडा. रेस्ट फ्रेमवर्क आपणहून पाडत नाही, सांगावं लागतं. एका पानावर ५० नोंदी आम्हाला पुरतात. नोंदीबरोबर वॉचमनचं नाव दाखवत असाल तर क्वेरीसेटला सिलेक्ट-रिलेटेड जोडा, नाहीतर पन्नास नोंदींसाठी पन्नास जादा क्वेरी जातात. हिशोबाचा पत्ता वेगळा, त्यात फेऱ्या आणि लिटरची बेरीज डेटाबेसकडूनच करून घ्या, रद्द नोंदी वगळून.

चढवण्याआधी

टेस्ट कमी लिहिल्यात तरी चालेल, पण ही एक लिहाच: तीच विनंती दोनदा पाठवा. पहिल्यांदा २०१, दुसऱ्यांदा २००, आणि डेटाबेसात एकच नोंद. त्याच फाइलमध्ये टोकनशिवायचं ४०१ आणि परक्या सोसायटीचं ४०४ तपासून घ्या. सर्व्हरवर जँगोचा रनसर्व्हर चालवू नका, तो लॅपटॉपसाठी आहे. आमच्याकडे जँगो चालवायला गनिकॉर्न आहे, त्याच्या पुढे विनंत्या घेणारा एन्जिनएक्स, आणि एचटीटीपीएस. टोकन उघड्या तारेवरून पाठवायचं नसतं.

मग फोन घेऊन पोडियमखाली जा. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी वर घरात लॉग उघडून बसले होते आणि मावसभाऊ खाली मामांबरोबर होता. टँकर लागला. मामांनी बटण दाबलं, पोराने लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाकला, ॲप म्हणालं नोंद झाली नाही. एअरप्लेन मोड काढला. पुढची चार दाबणी मामांनी स्वतःच्या मनाने केली, कुणी सांगितलं नव्हतं. वर लॉगमध्ये पाच ओळी आल्या: २०१, २००, २००, २००, २००. खालून फोन आला, "ताई, किती दिसतायत?" म्हटलं, एक.